वाढत्या जीवाणूंमधील ऊर्जापातळीचे मापन

जीवाणू वाढत असताना त्यांच्या पेशीत वापरण्याजोगी रासायनिक ऊर्जा किती आहे, हे ठरवण्याची पद्धत. ही ऊर्जा मुख्यतः एटीपी या रेणूच्या रूपात असते. तो खर्च झाला की एडीपी किंवा एएमपी हा कमी फॉस्फेटचा रेणू उरतो आणि अन्नाच्या विघटनातून पुन्हा एटीपी बनतो. एटीपीचा शोध १९२९ मध्ये कार्ल लोमान यांनी लावला. त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे वेगळा केला.

नुसत्या एटीपीच्या आकड्यावरून पेशीची स्थिती पुरती कळत नाही. डॅनिएल ॲटकिन्सन यांनी १९६८ मध्ये ‘ऊर्जाभार’ हे माप सुचवले : एटीपी अधिक अर्धा एडीपी, भागिले तिन्हींची बेरीज. सगळा साठा एटीपीचा असेल तर उत्तर १, सगळा एएमपीचा असेल तर ०. अर्धा एडीपी धरण्याचे कारण असे, की पेशीतील एक विकर (एन्झाइम) दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी बनवते. जोमाने वाढणाऱ्या ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूमध्ये हे मूल्य ०.८ च्या आसपास किंवा त्याहून थोडे वर असते. ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांना १९७१ मध्ये असे दिसले, की ०.५ च्या खाली घसरल्यावर या जीवाणूंची जगण्याची क्षमता संपू लागते.

सर्वांत रूढ मापन काजव्याच्या प्रकाशावर आधारलेले आहे. काजव्याला चमकण्यासाठी एटीपी लागतो, हे विल्यम मॅकेलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवले. बाल्टिमोरमधील मुलांकडून ते पैसे देऊन काजवे गोळा करवून घेत. एटीपी, ल्युसिफेरिन हे काजव्यातील द्रव्य आणि ऑक्सिजन यांच्यावर ल्युसिफरेज या विकराची क्रिया होऊन प्रकाश निघतो, आणि तो ल्युमिनोमीटरने मोजतात. एडीपी मोजायचा तर आधी पायरुव्हेट कायनेज हे विकर वापरून त्याचे एटीपी करतात. एएमपीसाठी ॲडेनिलेट कायनेजची जोड लागते. तिन्ही एकदम हवे असतील तर द्रव वर्णलेखन (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) सोयीचे पडते.

खरी अडचण प्रकाश मोजण्यात नाही, पेशी थांबवण्यात आहे. ई. कोलायच्या एका पेशीचे आकारमान साधारण एक फेम्टोलिटर, म्हणजे एक घन मायक्रोमीटर. एटीपीची संहती ३ मिलिमोलर धरली तर पेशीत त्याचे सुमारे १८ लाख रेणू येतात. संख्या मोठी वाटते, पण वेगाने वाढणारी पेशी एवढा साठा काही सेकंदांतच वापरून पुन्हा भरते. म्हणून नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये घालून पेशी तळाशी बसेपर्यंत थांबणे म्हणजे दुसऱ्याच पेशींचे मापन करणे : त्या मिनिटांत दाट गोळ्यातला ऑक्सिजन संपतो आणि ऊर्जाभार कोसळतो. त्याऐवजी संवर्धनातील, म्हणजे जीवाणू वाढवलेला, द्रव तसाच थंड परक्लोरिक आम्लात सोडतात. आम्लामुळे विकरे तत्क्षणी निकामी होतात. नंतर आम्ल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून तयार झालेले लवण गाळून टाकावे लागते, कारण आम्ल आणि लवण दोन्ही ल्युसिफरेजचा प्रकाश मंदावतात. तरी किती मंदावला हे कळण्यासाठी ज्ञात प्रमाणातील एटीपी त्याच नमुन्यात घालून पुन्हा मोजतात. ही पायरी वगळणाऱ्याचे आकडे मानू नयेत. उकळत्या द्रावणात पेशी टाकणे सोपे, पण तापमान हळू चढले तर एटीपी तुटून एडीपी आणि एएमपी वाढतात. ०.८ ऐवजी ०.६ आला, तर आधी जीवाणूंपेक्षा पद्धतीवर संशय घ्यावा.

पेशी न मारता मोजण्यासाठी अलीकडे प्रथिन-संवेदक वापरतात. त्यांतील ‘क्वीन’ हा संवेदक जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रदीप्त प्रथिनाला एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या विकराचा एपसिलॉन हा घटक जोडलेला असून, एटीपी चिकटला की दोन तरंगलांबींच्या प्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादांचे गुणोत्तर बदलते. एकाच संवर्धनातील पेशींमध्येही एटीपीचे प्रमाण खूप वेगवेगळे असते, हे त्यातून दिसले. आम्लाच्या नमुन्यात कोट्यवधी पेशींची सरासरीच येते.

ऊर्जापातळीवरून वाढीचा वेग मात्र ओळखता येत नाही. चांगल्या आणि सुमार माध्यमांत ई. कोलायच्या वाढीचा वेग कितीतरी पट बदलला तरी एटीपीची संहती त्या प्रमाणात बदलत नाही. दुकानाच्या गल्ल्यात रोज संध्याकाळी तेवढीच रोकड असली तरी उलाढाल निराळी असू शकते, तसेच हे. उलाढाल हवी असेल तर ऑक्सिजन किंवा ग्लुकोज किती वेगाने खर्च होतो ते सोबत मोजावे लागते.

मृत्यूची खूण म्हणूनही एटीपीचा आकडा जपून वाचावा लागतो. क्षयाच्या जीवाणूचे एटीपी सिंथेज रोखणारे बेडाक्विलिन हे औषध दिल्यावर त्याचा एटीपी लवकर घटतो, पण जीवाणू मरू लागायला काही दिवस जातात. तोवर साखरेच्या विघटनासारख्या दुसऱ्या मार्गांनी मिळणाऱ्या थोड्याशा एटीपीवर तो तग धरतो.