दृष्टिपटल विलगन : शस्त्रक्रिया व पुनर्लाभ

दृष्टिपटल विलगन म्हणजे डोळ्यातील दृष्टिपटल (रेटिना) त्याच्या बाहेरील रंजक स्तरापासून सुटणे. बोलीत यालाच ‘पडदा सरकणे’ म्हणतात. येथे छिद्रजन्य (पटलाला छिद्र पडून होणाऱ्या) प्रकाराच्या उपचारांचाच विचार केला आहे. मधुमेहातील ओढजन्य आणि दाहातील स्रावजन्य प्रकारांची चिकित्सा वेगळी आहे.

उतारवयात किंवा तीव्र लघुदृष्टीत डोळ्यातील जेलीसारखा काचाभ पदार्थ पातळ होऊन दृष्टिपटलापासून सुटू लागतो. जेथे तो घट्ट चिकटलेला असतो तेथे पटल फाटते व पातळ द्रव फटीतून मागे शिरतो. छिद्र हे विलगनाचे कारण की परिणाम, यावर मात्र दीर्घकाळ वाद होता. हेल्महोल्ट्स यांनी 1851 मध्ये नेत्रदर्शकाचे (डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाचे) वर्णन प्रसिद्ध केल्यावर विलगन जिवंत डोळ्यात पाहता येऊ लागले, तरी नेत्रवैद्य फोन ग्रेफे यांच्यासारखे अधिकारी रंजितपटलातून (दृष्टिपटलाबाहेरील रक्तवाहिन्यांच्या थरातून) होणाऱ्या स्रावाला दोष देत. लेबर यांनी छिद्र व काचाभाची ओढ यांवर भर दिला. मतभेद असेपर्यंत उपचार म्हणजे दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवणे. त्याने बरे होणारे रुग्ण अपवादात्मकच.

वादाचा निकाल लागला तो लोझान (स्वित्झर्लंड) येथील झ्यूल गोनँ यांच्या शस्त्रक्रियेमुळे. छिद्राची जागा मोजून ती श्वेतपटलावर (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणावर) निश्चित करायची आणि तेथे तापवलेली शलाका खुपसायची, म्हणजे साचलेला द्रव निघून जातो व छिद्राच्या कडा व्रणाने चिकटतात. पहिल्या शस्त्रक्रियेचे वर्ष निरनिराळे दिले जाते. 1919 च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. 1929 मधील ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेनंतर पद्धतीला व्यापक मान्यता मिळाली. छिद्र शोधून बंद करणे हेच तत्त्व आजच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे.

श्वेतपटल बाहेरून आत दाबून छिद्र टेकवण्याच्या ‘बकल’ पद्धतीचे श्रेय सामान्यतः कुस्टोडिस (1949) व शेपेन्स (1951) यांना देतात. येस यांनी 1937 मध्ये कापडाचा बोळा वापरल्याचा उल्लेख मिळतो, पण तो तात्पुरता असल्याने त्यास आद्य बकल म्हणणे ताणलेले ठरेल. आता सिलिकोनची पट्टी किंवा स्पंज शिवतात आणि छिद्राभोवती शीतोपचार (गोठवून व्रण करणे) करतात. डोळ्याला वेढणाऱ्या पट्टीने त्याची लांबी वाढते व चष्म्याचा ऋण क्रमांक वाढतो. मॅखेमर यांनी 1970 च्या सुमारास रूढ केलेल्या व्हिट्रेक्टॉमीत श्वेतपटलाला पाडलेल्या बारीक भोकांतून काचाभ पदार्थच काढतात, लेसरने कडा डागतात व पोकळीत वायू किंवा सिलिकोन तेल भरतात. नैसर्गिक भिंग शाबूत असलेल्या तरुण रुग्णात बकल अजूनही सरस मानावी असे दिसते. वरच्या भागातील एखाद्या लहान छिद्रासाठी केवळ वायूचा बुडबुडा सोडून डाग देणेही पुरते.

बुडबुडा हलका असल्याने वर चढतो. म्हणून छिद्र सर्वांत वर येईल अशी मान ठेवावी लागते. सरसकट पालथे झोपण्याची सक्ती आता कमी झाली असून स्थिती व मुदत छिद्राच्या जागेवर ठरते. सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे 2 आठवड्यांत, तर परफ्लुओरोप्रोपेन साधारण 6 ते 8 आठवड्यांत विरतो. बुडबुडा ओसरताना रुग्णाला वरून खाली उतरणारी हलती रेघ दिसते. तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास, अतिउंचीचा प्रवास व भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड वर्ज्य असतात, कारण वायू फुगून डोळ्यातील दाब धोकादायकरीत्या वाढतो. तेल आपोआप जात नाही; ते बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात.

एकाच शस्त्रक्रियेत पटल बसण्याचे प्रमाण सुमारे 85 ते 90 टक्के आहे. पटल बसले म्हणजे दृष्टी पूर्ववत झाली असे मात्र नव्हे. पीतबिंदू (दृष्टिपटलाचा स्पष्ट दृष्टीचा मध्यभाग) सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास नजर बरीच टिकते, म्हणून अशा रुग्णात तातडी करतात. तो सुटला असल्यास सुधारणा महिनोनमहिने सावकाश होते आणि सरळ रेघा वाकड्या दिसणे मागे राहू शकते. व्हिट्रेक्टॉमीनंतर, विशेषतः पन्नाशीपुढे, मोतीबिंदू लवकर वाढतो. पुन्हा विलगन होण्याचे प्रमुख कारण म्हणजे पटलावर वाढणाऱ्या पेशींचे आकुंचन पावणारे पापुद्रे. ते सोलून काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करतात. दुसऱ्या डोळ्यालाही धोका असल्याने त्याची परिघापर्यंत तपासणी करतात.