प्रश्नमंजूषेतला सिनेमा आणि डोक्यातला सिनेमा

सिनेमाच्या प्रश्नमंजूषेत हमखास विकेट काढणारा एक प्रश्न आहे : 'शोले'मध्ये गब्बरसिंग सांबाला काय विचारतो? प्रश्न पुरता व्हायच्या आत कुणीतरी ओरडतं, "अरे ओ सांबा, कितने आदमी थे?" चित्रपटात ही ओळ नाही. 'कितने आदमी थे' हा प्रश्न आहे हात हलवत परत आलेल्या कालियाला आणि त्याच्या साथीदारांना. सांबाला गब्बर विचारतो ते सरकारनं आपल्यावर किती इनाम लावलंय, आणि वरून उत्तर येतं, 'पूरे पचास हजार'. दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात, थोड्याशा अंतरानं घडतात. १५ ऑगस्ट १९७५ ला चित्रपट लागला. तेव्हापासून गणपतीच्या मांडवातले नकलाकार, जाहिराती आणि शाळेच्या सहलीच्या बस यांनी मिळून त्या दोन ओळींची एक ओळ केली, आणि आता ज्यांनी चित्रपट दहादा पाहिलाय तेही शपथेवर तीच सांगतात.

हॉलिवूडवाल्यांचंही तसंच आहे. १९४२ च्या 'कॅसाब्लांका'मधलं म्हणून जगभर सांगितलं जाणारं 'प्ले इट अगेन, सॅम' हे वाक्य त्या चित्रपटात कुणीच म्हणत नाही.

म्हणजे चाहते ढोंगी असतात असं नव्हे. स्मृतीची घडणच अशी आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांची एक लोककथा त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि मग काही काळानं पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा थोडी आखूड झाली, विचित्र वाटणारे तपशील गळाले, झाडाच्या खोडाची होडी साधी नाव झाली, सीलची शिकार जाऊन तिथे मासेमारी आली. सांगणाऱ्यांना मात्र आपण आठवूनच सांगतोय असं वाटत होतं. आठवणं म्हणजे साठवलेली फीत परत चालवणं नव्हे, तर हाताशी असलेल्या तुकड्यांतून दर वेळी नवी जुळणी करणं, हा बार्टलेट यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. सांबाचं नाव, गब्बरची हाक आणि माणसांचा आकडा हे तिन्ही तुकडे खरेच आहेत. चुकीची आहे ती जुळणी. आणि ती चुकीची जुळणी मूळ संवादापेक्षा जास्त वेळा कानावर पडत असल्यानं दिवसेंदिवस पक्की होत जाते.

प्रश्नमंजूषेतली दुसरी नेहमीची परिस्थिती म्हणजे 'अरे, तो नाही का, तो... ओठांवर आहे नाव!' नटाचा चेहरा दिसतोय, कुठल्या चित्रपटात कोणती भूमिका केली ते आठवतंय, त्याच्या बायकोचं नावसुद्धा सांगता येतंय, पण त्याचं स्वतःचं नाव काही येत नाही. हार्वर्डमधल्या रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली ही अवस्था प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणली. क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द विचारायचा. जे अडकले, त्यांना शब्द आठवत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर आणि त्यातले उच्चारांचे तुकडे किती हे बऱ्याचदा बरोबर सांगता आलं. अर्थ एकीकडे आणि उच्चार दुसरीकडे ठेवलेला असतो, आणि अडकतो तो दोघांमधला रस्ता.

विशेषनामांना हा रस्ता अरुंदच मिळालेला आहे. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय शिकवला. काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. आपल्याकडे सुतार किंवा कुलकर्णी घ्यावं तसे. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला की आठवायचा, आडनाव म्हणून सांगितला की निसटायचा. सुतार म्हटलं की करवत, लाकूड, भुसा असं सगळं गणगोत डोळ्यांपुढे येतं. आडनाव एकटं असतं. म्हणूनच 'धनंजय माने' हे पात्राचं नाव महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण त्याला 'इथेच राहतात का' हे शेपूट आहे, भाड्याची खोली आहे, 'अशी ही बनवाबनवी'ची अख्खी गोष्ट आहे. त्याच चित्रपटातल्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या कलाकाराचं नाव विचारा, बघा किती हात वर होतात.

चेहरा आणि नाव मेंदूत शेवटी कुठेतरी एकत्र येतातच. त्याचा सर्वांत देखणा पुरावा एका हॉलिवूड नटीमुळे मिळाला आहे. फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेची तयारी म्हणून काही रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा घालाव्या लागतात. अशा रुग्णांच्या परवानगीनं रोड्रिगो कियान किरोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी चित्रं दाखवून एकेका पेशीची हालचाल टिपली. २००५ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत हिप्पोकॅम्पस या भागातली एक पेशी होती, जी हॅली बेरी दिसली की जागी व्हायची. तिचा फोटो दाखवा, रेखाचित्र दाखवा, 'कॅटवुमन'च्या मुखवट्यात दाखवा, आणि शेवटी पडद्यावर फक्त तिचं नाव लिहून दाखवा, पेशी प्रत्येक वेळी बोलत होती. याचा अर्थ प्रत्येक नटाला एकच पेशी राखून ठेवलेली असते असा नाही, एका माणसासाठी अनेक पेशी काम करत असणार. पण दिसणं बदललं तरी 'कोण' हे धरून ठेवणारं काहीतरी तिथे आहे, एवढं त्यातून कळलं.

आता प्रश्न काढणाऱ्याच्या बाजूनं पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. चाहत्याचं ज्ञान मोजायचं तर कोणता प्रश्न चांगला? अवघड प्रश्न चांगला, हा फार पसरलेला गैरसमज. परीक्षाशास्त्रात प्रश्नाचे दोन गुण वेगळे मोजतात : एक काठिण्य, दुसरा भेदक्षमता. समजा, चाळीस जण खेळले. एकूण गुणांनुसार त्यांना ओळीनं लावा, वरचे दहा आणि खालचे दहा वेगळे काढा. एखादा प्रश्न वरच्यांपैकी नऊ जणांना आला आणि खालच्यांपैकी तिघांना, तर ०.९ वजा ०.३ म्हणजे भेदक्षमता ०.६. उत्तम प्रश्न. सगळ्यांना आला किंवा कुणालाच आला नाही, तर शून्य. असा प्रश्न मोजमापाच्या दृष्टीनं फुकट गेला. वर आणि खाली नेमके किती टक्के घ्यावेत यावरही अमेरिकन अभ्यासक ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये गणित मांडलं होतं. त्यांचं उत्तर २७ टक्के.

कधी कधी हा आकडा उणे येतो. म्हणजे जाणकार चुकतात आणि नवशिके बरोबर ठरतात. अशा वेळी दोष बहुधा प्रश्नातच असतो. 'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' हा त्याचा नमुना. नवशिका बेधडक 'राजा हरिश्चंद्र' लिहितो आणि गुण घेऊन मोकळा होतो. जाणकार मात्र घुटमळतो, कारण फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ ला लागला, पण त्याच चित्रपटगृहात त्याच्या आदल्या वर्षी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रीकरण होता, कॅमेरा चालवणारा परदेशी होता, म्हणून त्याला मान द्यायचा की नाही यावर वाद आहे. जास्त माहिती असल्याचीच शिक्षा देणारा हा प्रश्न. 'भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट' एवढी दुरुस्ती केली की तो बराचसा सुधारतो.

सनावळीच्या प्रश्नांबद्दल माझं मत वाईट आहे. पाठांतरापलीकडे ते काहीच तपासत नाहीत. त्यापेक्षा हा प्रश्न पाहा : 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका कोणी केली? अण्णा साळुंके यांनी. तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून पुरुषानं राणी साकारली. चार वर्षांनी, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. आणि १९३२ मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा गोष्ट तीच हरिश्चंद्राची होती, पण तारामती होत्या दुर्गा खोटे. उत्तर ठाऊक नसलं तरी ज्याला त्या काळाची कल्पना आहे, तो विचार करत करत 'कोणीतरी पुरुष असणार' इथवर पोचतो. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेल्या प्रयोगात असंच दिसलं होतं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती झरझर परत उभी करायचे. सोंगट्या कशाही विखुरल्या की त्यांची नवशिक्यांवरची आघाडी जवळजवळ नाहीशी व्हायची. निष्णाताची स्मरणशक्ती वेगळी नसते. त्याची माहिती एकमेकींना बांधलेली असते.

फसवणाऱ्या प्रश्नांचा एक वेगळा प्रकार आहे. 'फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्र या बोलपटात तारामती कोणी साकारली?' असं विचारलं तर बहुतेक जण 'साळुंके' म्हणून मोकळे होतील. तो मूकपट होता, हे माहीत असणारेसुद्धा. १९८१ मध्ये एरिकसन आणि मॅटसन यांनी लोकांना विचारलं होतं, की मोझेसनं नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतली ही नौका मोझेसची नव्हे, नोहाची, हे ठाऊक असलेल्यांनीही 'दोन' असं उत्तर दिलं. ऐकणाऱ्याचं लक्ष विचारलेल्या गोष्टीकडे असतं, प्रश्नात सहज पेरलेल्या गोष्टीकडे नसतं. अर्थाच्या आसपासचा कुठलाही शब्द खपून जातो.

चार पर्याय दिले की नशीबही खेळात उतरतं. वीस प्रश्न डोळे मिटून सोडवणाऱ्याला सरासरीनं पाच गुण मिळतातच. दहा किंवा त्याहून जास्त मिळण्याची शक्यता मात्र दीड टक्क्याच्याही आत आहे. त्यामुळे वीसपैकी सहा गुणांवर छाती फुगवू नये.

एवढं मोजमाप सांगितलं, पण मोजण्याची ही उपमा एका ठिकाणी तुटते. वजनकाट्यावर उभं राहिल्यानं आपलं वजन बदलत नाही. प्रश्न विचारल्यानं मात्र डोक्यातली माहिती बदलते. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं पारडं फिरलं : वाचणाऱ्यांचे ४२, आठवून लिहिणाऱ्यांचे ५६. डोक्यातून माहिती ओढून काढण्याच्या खटपटीतच ती घट्ट होते. चाहत्यांच्या अफाट माहितीचं एक रहस्य कदाचित इथेच आहे. कट्ट्यावर बसून एकमेकांना सतत छळणारे हे लोक नकळत रोज सराव परीक्षा देत असतात.

त्यात कुतूहलाची भर पडते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये २०१४ साली मथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी लोकांना असेच सटरफटर माहितीचे प्रश्न दिले आणि कोणत्या उत्तराची किती उत्सुकता आहे ते नोंदवून घेतलं. मग स्कॅनरमध्ये प्रश्न दाखवायचा, चौदा सेकंद थांबायचं, त्या मधल्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवायचा आणि मग उत्तर. उत्सुकता जास्त होती ती उत्तरं नंतर जास्त आठवली, हे अपेक्षितच. पण त्या वाट पाहण्याच्या वेळात दिसलेले, प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. फरक लहान होता, पण होता. बक्षिसाच्या अपेक्षेनं चाळवणारं मेंदूतलं डोपामिनचं जाळं आणि हिप्पोकॅम्पस त्या वेळी एकत्र काम करत होते. उत्तर सांगण्याआधी खट्याळपणे थांबणारा सूत्रसंचालक श्रोत्यांना उगाच छळत नसतो तर!

संघ करून खेळणाऱ्यांसाठी बातमी तितकी चांगली नाही. तिघांनी एकत्र बसून यादी आठवली, तर ती प्रत्येकानं वेगळं बसून केलेल्या आणि नंतर एकत्र जोडलेल्या यादीपेक्षा तोकडी भरते, असं १९९७ पासून अनेक प्रयोगांत आढळलं आहे. एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याच्या आठवण्याचा माग तुटतो. 'प्रभातचे चित्रपट सांगा' अशी फेरी असेल तर आधी मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या कागदावर लिहावं, कुजबुज नंतर करावी.

उरला चुकांचा हिशेब. जी चूक आपण छातीठोकपणे केली, तीच सुधारल्यावर जास्त पक्की लक्षात राहते, हे ब्रेडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं. खात्रीच्या ठिकाणी ठेच लागली की माणूस दचकतो आणि लक्ष देतो. सांबाच्या प्रश्नावर आपटलेला गडी त्यावर पुन्हा सहसा आपटत नाही. पण त्याला बरोबर उत्तर कुणी सांगितलं तरच. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये पर्यायी प्रश्नांची दुसरी बाजू तपासली : पर्यायांमध्ये वाचलेली चुकीची उत्तरं नंतरच्या, पर्याय नसलेल्या परीक्षेत लोक स्वतःची माहिती म्हणून लिहू लागले. पर्याय जितके जास्त, तितकी ही गळती जास्त. बरोबर उत्तर सांगितलं की ती आटोक्यात येते, हे तीन वर्षांनी अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी दाखवलं. प्रत्येक प्रश्नानंतर लगेच सांगितलं काय किंवा सगळी परीक्षा झाल्यावर सांगितलं काय, गळती कमी झाली. उलट उशिरा सांगितलेली उत्तरंच आठवड्यानंतर जास्त टिकली. म्हणून उत्तरं शेवटी एकदम वाचायची पद्धत बिनधास्त चालू ठेवावी. फक्त कागद गोळा झाल्यावर, बक्षिसं वाटून मंडळी चपला शोधायला लागायच्या आधी, ती खरोखर वाचून दाखवावीत.