शुगर आहे, ब्रेड कोणता घेऊ?

काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतं, "घरी शुगर आहे, यातला कुठला ब्रेड चालेल?" संध्याकाळच्या गर्दीत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आमचा लो कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा ब्रेड घेतला नाहीत तरी हे घरी न्या आणि सवडीने वाचा.

या विषयात आम्ही शिरलो ते बाबांमुळे. तेव्हा आम्ही खारी, टोस्ट आणि नानकटाईच भाजत होतो, ब्रेड बाहेरून यायचा. बाबांना मधुमेह निघाला आणि घरातला पांढरा ब्रेड जाऊन ब्राऊन ब्रेड आला. दोन वर्षं त्यांनी रोज सकाळी त्याच्या चार स्लाइस पथ्य म्हणून खाल्ल्या. नाश्त्यानंतरची शुगर काही उतरेना. शेवटी एक दिवस पाकीट उलटं करून वाचलं. घटकांत पहिलं नाव मैद्याचं होतं आणि यादीच्या तळाशी रंगासाठी कॅरामल.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. त्यामुळे पुढच्या बाजूला 'ब्राऊन', 'मल्टिग्रेन', 'आटा' काहीही लिहिलेलं असो, आधी मागची बाजू बघा. मैदा पहिला असेल आणि पुढे कुठे आयएनएस १५० (म्हणजे कॅरामलचा रंग) दिसलं, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा आहे असं समजू नका. मल्टिग्रेनमध्येही बऱ्याचदा मैद्याच्या ब्रेडवर चार बिया भुरभुरलेल्या असतात.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगायची आहे, कारण ती ऐकून ग्राहक हिरमुसतात. पूर्ण कणकेचा खरा ब्रेडसुद्धा लो कार्ब नसतो. ब्रेड खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचा अंक म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत तो पांढऱ्या ब्रेडसाठी सरासरी ७५ आणि कणकेच्या ब्रेडसाठी ७४ दिला आहे. कणीक बारीक दळली की तिच्यातला स्टार्च मैद्याइतकाच चटकन पचतो. कणकेच्या ब्रेडमधला कोंडा पोटासाठी चांगला आहे, तो जरूर खा. पण 'आट्याचा आहे' म्हणून दोनाच्या चार स्लाइस करू नका.

आता हिशेब. साध्या ब्रेडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं असतात. एक स्लाइस २५ ते ३० ग्रॅमची, म्हणजे तिच्यात १३ ते १५ ग्रॅम. दोन स्लाइसचं सँडविच केलं की ३० ग्रॅमच्या आसपास गेलात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत २० ग्रॅमच्या आसपास येतात. ज्वारीच्या पिठातही कर्बोदकं कणकेच्या जवळपासच असतात. भाकरी पथ्याची म्हणून दोन मोठ्या भाकऱ्या खाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

लो कार्ब ब्रेडमध्ये आम्ही पीठच बदलतो, जवस आणि बदामाचं वापरतो. जवसाच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं २९ ग्रॅम दिसतात, पण त्यातले सुमारे २७ ग्रॅम तंतू असतात आणि त्यांची साखर होत नाही. बदामाच्या पिठात जवळपास २० ग्रॅम, त्यातलेही निम्म्याच्या आसपास तंतू. अशा पिठाला स्वतःची पकड नसते, लोफ साच्यातच बसून जातो. म्हणून गव्हाचं ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) घालतो आणि पाणी धरून ठेवायला इसबगोल. ज्यांना गव्हाची किंवा बदामाची अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी हा ब्रेड अजिबात नाही. उलट 'ग्लूटेन फ्री' म्हणजे लो कार्ब असंही नाही. तसे ब्रेड बहुधा तांदळाचं पीठ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च वापरून करतात, त्याने शुगर चांगलीच चढते.

दुसऱ्या कंपनीचा लो कार्ब ब्रेड घेताना कोष्टक '१०० ग्रॅमला' आहे की 'एका स्लाइसला' हे आधी पाहा. स्लाइस पातळ कापली की आकडा आपोआप लहान दिसतो. परदेशी पाकिटांचं आणखी एक आहे: अमेरिकेच्या लेबलवर कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, युरोपच्या लेबलवर ते वेगळे काढलेले असतात. युरोपच्या आकड्यातून पुन्हा तंतू वजा केलेत तर हिशेब चुकतो. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ठेवून द्या, ते साखरेसारखंच चढतं. 'शुगर फ्री'मधलं माल्टिटॉलही थोडीफार शुगर वाढवतंच.

"मी तर बारीक आहे, मला कशाला मोजमाप?" असंही काही जण म्हणतात. आपल्या पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा अंक) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसली तरी आतून तशी असतीलच असं नाही.

मग आमचा ब्रेड तुम्हाला मानवतो का? ते तुमचा ग्लुकोमीटर सांगेल. एक दिवस खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर तपासा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच भाजीबरोबर नेहमीचा ब्रेड किंवा पोळी खाऊन तेच करा. दोन्ही दिवसांचे आकडे वहीत लिहा. जेवणानंतरची शुगर १८० च्या आत राहावी हे बहुतेक प्रौढांसाठीचं लक्ष्य असतं, तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर ठरवतील. मिसळ खाणार असाल तर स्लाइस बदलून भागत नाही. फरसाण कमी घ्या आणि मटकी जास्त.

पुढचं मात्र कृपया दोनदा वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवणातली कर्बोदकं अचानक कमी केली, तर शुगर फार उतरू शकते. डोस बदलायचा का, हे ब्रेड सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं फारच तोडली तर रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या ब्रेडमधली जादा प्रथिनं चालतील का, तेही विचारून घ्या. आणि घाम, थरथर, घाबरं होणं सुरू झालं, मीटर ७० च्या खाली दिसला, तर हा ब्रेड देऊ नका, त्याने शुगर वर येणार नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

इसबगोल आणि जवसामुळे पहिले काही दिवस पोट फुगल्यासारखं वाटेल. एका स्लाइसपासून सुरुवात करा, पाणी भरपूर प्या. ब्रेडमध्ये ओल जास्त असते, पावसाळ्यात ओट्यावर ठेवलात तर लवकर बुरशी धरेल. फ्रीजमध्ये ठेवा, किंवा स्लाइस सुट्या करून फ्रीझरमध्ये, आणि लागेल तशी तव्यावर मंद आचेवर भाजून घ्या.

घरात कुठल्याही कंपनीचं पाकीट असेल आणि त्यावरचं बारीक अक्षर लागत नसेल, तर ते घेऊन दुपारी दुकानात या. तेव्हा भट्टी बंद असते, आपण बसून वाचू.