ओपनस्टॅकमधील तांत्रिक नेतृत्व आणि वापरसुलभता
ओपनस्टॅक ही संस्थेला स्वतःच्या संगणकांवर क्लाउड सेवा उभारता यावी यासाठीची मुक्त स्रोत प्रणाली. नोव्हा (गणन), स्विफ्ट (साठवण), न्यूट्रॉन (जाळे), कीस्टोन (ओळख-पडताळणी) असे तिचे घटक स्वतंत्र प्रकल्प म्हणून वाढतात. प्रत्येक प्रकल्पाला सामान्यतः एक निर्वाचित तांत्रिक प्रमुख असतो. त्याला पीटीएल म्हणतात.

रॅकस्पेस ही कंपनी व नासा यांनी जुलै २०१० मध्ये प्रकल्पाची घोषणा केली. स्विफ्ट रॅकस्पेसकडून आले, तर नोव्हा नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील नेब्युला या क्लाउडमधून. नेब्युलाने आधी वापरलेली युकॅलिप्टस ही प्रणाली सोडून नवी का लिहिली गेली, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार अडचण निव्वळ विस्ताराची होती; नासाला हवा तेवढा भार ती पेलत नव्हती. दुसऱ्या मतानुसार, युकॅलिप्टसचा काही भाग व्यापारी आवृत्तीसाठी राखीव असल्याने बाहेरच्या अभियंत्यांनी केलेल्या सुधारणा मूळ प्रणालीत सामावल्या जाणे कठीण होते. ही कारणे परस्परांना छेद देत नाहीत. तरीही अपाची परवान्याची (कोणालाही प्रणाली वापरण्याची व बदलण्याची मुभा देणाऱ्या परवान्याची) निवड आणि स्रोत, आराखडा, विकास व समुदाय हे चारही खुले ठेवण्याचा आरंभापासूनचा आग्रह पाहता दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. संहितेत (प्रणालीच्या संगणकीय कोडमध्ये) काय घ्यावे हे एका कंपनीने ठरवू नये, ही धारणा पुढच्या नेतृत्वरचनेच्या मुळाशी आहे.

आरंभीचे प्रमुख संस्थापक संघांतलेच होते. निवडणुकीची पद्धत २०११ च्या सुमारास रुळली. प्रकल्पाला संहिता देणारे योगदानकर्ते दर सहामाही आवृत्तीसाठी पीटीएल निवडतात आणि एकाहून अधिक उमेदवार असल्यास कॉन्दोर्से पद्धतीने, म्हणजे उमेदवारांची जोडीजोडीने तुलना होईल अशा रीतीने, पसंतीक्रम नोंदवला जातो. सर्व प्रकल्पांवर देखरेख करणारी तांत्रिक समितीही निर्वाचित असून तिची सदस्यसंख्या १३ वरून पुढे ९ करण्यात आली. पीटीएलचा अधिकार मात्र मर्यादित आहे. योगदानकर्त्यांचे पगार वेगवेगळ्या कंपन्या देतात, त्यामुळे त्याला काम सोपवता येत नाही. अग्रक्रम सुचवणे, मतभेद मिटवणे आणि आवृत्ती वेळेवर बाहेर पडेल हे पाहणे, एवढेच त्याच्या हाती असते.

वापरसुलभतेचे प्रश्न नेमके या रचनेच्या फटींत सापडतात. एक आभासी संगणक सुरू करताना वापरकर्त्याचा चार-पाच प्रकल्पांशी संबंध येतो, पण त्या संपूर्ण अनुभवाची जबाबदारी त्यांपैकी कोणत्याही प्रमुखाकडे नसते. आरंभी प्रत्येक प्रकल्पाची आज्ञा (संगणकाला टंकून द्यायची सूचना) निराळी आणि तिची धाटणीही निराळी होती. एकाच संकल्पनेला कुठे ‘टेनंट’ तर कुठे ‘प्रोजेक्ट’ म्हणत. ही विसंगती दूर करण्यासाठी २०१२ पासून ओपनस्टॅकक्लायंट ही एकत्रित आज्ञा विकसित होऊ लागली. ‘नोव्हा बूट’ऐवजी ‘ओपनस्टॅक सर्व्हर क्रिएट’, म्हणजे आधी वस्तू आणि मग क्रिया, हा तिचा सर्वत्र लागू होणारा नियम. जुन्या आज्ञा हटवण्याचा निर्णय प्रत्येक प्रकल्पाने आपापल्या गतीने घेतल्याने हे स्थित्यंतर अनेक वर्षे रेंगाळले. होरायझन हा वेब-फलक एसेक्स आवृत्तीत (एप्रिल २०१२) मुख्य घटकांत आला, परंतु इतर प्रकल्पांच्या नव्या सुविधा त्यावर बहुधा उशिराच दिसत. वापरानुभवासाठी २०१५ च्या सुमारास अधिकृत झालेला स्वतंत्र संघ अल्पकाळच टिकला.

क्लाउड चालवणाऱ्यांच्या दृष्टीने दर सहामाही आवृत्तीला करावे लागणारे अद्ययावतीकरण हाच मोठा जाच होता; म्हणून २०२३.१ आवृत्तीपासून एक आवृत्ती वगळून वर्षाने पुढे जाण्याची अधिकृत सोय झाली.

काही प्रकल्पांना पीटीएलपदासाठी उमेदवार मिळेनासे झाल्यावर २०२० मध्ये विभागून नेतृत्व करण्याचा पर्याय मान्य झाला. त्यात एका प्रमुखाऐवजी आवृत्ती, सुरक्षा आणि चाचणीची पायाभूत व्यवस्था यांसाठी वेगवेगळे संपर्क-प्रतिनिधी नेमणे अनिवार्य आहे. वापरसुलभतेसाठी तसा प्रतिनिधी अनिवार्य नाही.