कावळ्यांची झडप

विणीच्या हंगामात घरटे किंवा नुकतीच घरट्याबाहेर पडलेली पिले राखणारे कावळे माणसाच्या डोक्यावर मागून सूर मारतात, त्या वर्तनाला हे नाव आहे. खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबार आणि भुसावळ येथील बागांमध्ये ते ढोबळमानाने चैत्राच्या अखेरीपासून आषाढापर्यंत अनुभवास येते. अहिराणीत कावळ्याला कावया म्हणतात.

या भागात कावळ्याच्या दोन जाती आहेत. मानेभोवती राखी पट्टा असलेला, सुमारे ४० सेंमी. लांबीचा गावकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) आणि त्याहून मोठा, सर्वांगी काळा, जाड चोचीचा डोमकावळा. शहरी बागेत झडप घालणारा बहुधा गावकावळाच असतो. डोमकावळ्याच्या वर्गीकरणाबाबत एकमत नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून त्याला कॉर्व्हस कल्मिनेटस असे नाव दिले. पुढे तो आशियाभर पसरलेल्या कॉर्व्हस मॅक्रोऱ्हिंकॉस (व्हाग्लर, १८२७) या जातीची उपजात ठरला. अलीकडे आवाजातील आणि जनुकीय फरक लक्षात घेऊन काही जागतिक सूची त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानतात, काही मानत नाहीत. स्वतंत्र जात मानण्याचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. हा वाद प्रस्तुत विषयाच्या बाहेरचा नाही. कावळ्यांच्या उपद्रवाविषयी टोकियोचा दाखला वारंवार दिला जातो आणि तेथील प्रशासनाने २००१ पासून सापळे लावून कावळे कमी करण्याची मोहीमही चालवली. परंतु तो पक्षी पूर्व आशियातील मॅक्रोऱ्हिंकॉस आहे. त्याच्याविषयीची निरीक्षणे खानदेशातील कावळ्यांना जशीच्या तशी लावता येत नाहीत.

झडपेला अपशकुन मानण्याचे मूळ नेमके कोठे, हे सांगणे कठीण आहे. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात ‘कृष्ण शकुनी’ म्हणजे काळ्या पक्ष्याच्या स्पर्शाने आलेले अरिष्ट जल आणि अग्नी यांनी दूर करावे, अशी प्रार्थना आहे. हा पक्षी म्हणजे कावळा, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. मात्र मंत्रात फक्त रंग सांगितला आहे. अधिक स्पष्ट आधार वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मिळतो. वराहमिहिराचा काळ साधारणपणे इ. स. सहावे शतक मानतात आणि त्याची अवंती सातपुड्यापलीकडे, खानदेशाच्या शेजारचीच. कावळ्यांवरील प्रकरणात तो म्हणतो की, कावळे निर्भयपणे चोच, पंख आणि पायांनी लोकांवर तुटून पडू लागले, तर शत्रू वाढतात. त्याच प्रकरणात वैशाखात निरोगी झाडावर बांधलेले घरटे सुभिक्षाचे आणि काटेरी किंवा वाळलेल्या झाडावरचे घरटे दुष्काळाचे लक्षण म्हटले आहे. घरट्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची शेतकऱ्यांची रीत याच धाग्यातली असावी. महत्त्वाचे हे की, घरट्याचा महिना आणि माणसावरील हल्ला या दोन्ही गोष्टी त्या संहिताकाराला ठाऊक होत्या; त्या दोहोंचा कार्यकारणसंबंध मात्र त्याने जोडलेला नाही. ‘कावळा शिवणे’ या समजुतीचा उगम केवळ पिंडदानाच्या विधीत शोधणारे मत त्यामुळे अपुरे वाटते. उन्हाळ्यात डोक्यावर बसणारा प्रत्यक्ष फटका हाही त्या समजुतीचा एक स्रोत असणे शक्य आहे. डोक्याला कावळा शिवल्यास नातेवाइकांना मरणाची खोटी बातमी धाडून अरिष्ट टाळण्याची जुनी चाल प्रसिद्ध आहे.

खानदेशात या समजुतीला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची, जोड मिळते. वैशाख शुद्ध तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात (निखाऱ्यावर अन्नाचा घास अर्पण करतात) आणि कावळ्यासाठी घास ठेवतात. म्हणजे घरोघरी कावळ्याची वाट पाहिली जाते, त्याच पंधरवड्यात बागेतला कावळा अंगावर येतो. हा पितरांचा रोष नव्हे आणि घास ठेवल्याने सोकावलेल्या पक्ष्याची दांडगाईही नव्हे. कारण झाडावर आहे.

गावकावळा काटक्या आणि तारांचे तुकडे रचून घरटे करतो व आत काथ्या, केस, चिंध्या यांचे अस्तर घालतो. अंडी बहुधा चार-पाच, फिकट निळसर हिरवी व तपकिरी ठिपक्यांची असतात. ती सुमारे १६-१७ दिवसांनी उबतात आणि पिले त्यानंतर तीन ते चार आठवड्यांनी घरटे सोडतात. अंडी असेपर्यंत जोडपे सहसा ओरडण्यावर भागवते. पिले वाढतात तशी आक्रमकता वाढते. सर्वांत कठीण दिवस पिले बाहेर पडल्यानंतरचे. त्यांना अजून नीट उडता येत नाही. ती खालच्या फांदीवर, मेंदीच्या कुंपणात किंवा हिरवळीवर बसून राहतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. पाणी घातलेली बाग पिलांना सावली देते आणि ऊन उतरल्यावर माणसेही तेथेच येतात. गर्दीची वेळ आणि राखणीची वेळ अशी एक होते. शिवाय याच काळात कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालण्यासाठी टपलेली असल्याने जोडपे आधीच सावध असते. माणसावरील झडप कोकिळेमुळेच घडते असे म्हणणे मात्र अतिशयोक्त होईल.

हल्ल्याला पूर्वसूचना असते. कावळा जवळच्या फांदीवर येऊन लागोपाठ कर्कश ओरडतो, चोच फांदीवर घासतो किंवा आपटतो, पाने-काटक्या तोडून टाकतो. तरीही माणूस हलला नाही, तर तो पाठीमागून येतो, पायांनी किंवा पंखाने डोक्याला स्पर्श करून वर निघून जातो. चोचीची जखम क्वचित होते. तोंड आपल्याकडे असलेल्या माणसावर तो सहसा येत नाही. कोतवाल आणि टिटवीही घरट्याजवळ आलेल्यावर असेच सूर मारतात.

हंगामाशी संबंध नसलेला एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. मेलेला कावळा हातात असेल, तर कावळे कोणत्याही महिन्यात तुटून पडतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांनी युरोपातील जॅकडॉ या कावळ्याच्या नातलगांमध्ये, हातात लोंबणारी काळी वस्तू पाहूनही असा हल्ला होतो, असे नोंदवले आहे.

एकाच माणसाचा पिच्छा पुरवला जातो, या तक्रारीला आधार आहे. अमेरिकेतील सिॲटल येथे शास्त्रज्ञ जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून केलेल्या प्रयोगांत, विशिष्ट मुखवटा घालून अमेरिकी कावळे पकडले गेले. पुढे तोच मुखवटा घातलेल्या कोणावरही कावळे अनेक वर्षे कलकलाट करत राहिले आणि पकडले न गेलेलेही त्यात सामील झाले. गावकावळ्याची स्मृती इतकीच तीव्र आहे असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही दगड मारू नये, हे सांगण्यास एवढे पुरेसे आहे. छत्री, टोपी किंवा उपरणे डोक्यावर घ्यावे, झाडाकडे तोंड ठेवून सावकाश बाजूला व्हावे, काही आठवडे वाट बदलावी. जमिनीवरचे पिलू बहुधा अनाथ नसते. ते उचलून घरी नेऊ नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू आहे. महाराष्ट्रातील नागरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घरटे असलेल्या झाडाखालचा बाक जुलैपर्यंत हलवणे आणि फांद्यांची छाटणी पावसाळ्यानंतर करणे, हा उद्यानांसाठी सर्वांत सोपा उपाय होय.