पार्श्वभूमी : टॅबवरून बोलणं नाशकात कसं पोचलं आणि कागदावर कुठे अडकलं

ज्याला तोंडाने बोलता येत नाही त्याने चित्र दाबलं की टॅब त्याच्यासाठी बोलतो, हे आता नाशकातल्या बऱ्याच घरांत नवीन राहिलेलं नाही. सिडकोत आहे, इंदिरानगरला आहे, ओझरला पण आहे. अ‍ॅप कसं चालतं त्याच्या तपशिलात इथे जात नाही. लोक अडतात ते भलत्याच ठिकाणी. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या खिडकीवर या टॅबचं काय करायचं ते कुणाला सांगता येत नाही, शाळा त्याला मोबाईल समजून बॅगेत ठेवायला लावते, आणि पॅरालिसिस होऊन वाचा गेलेल्या साठीच्या माणसापुढे तोच टॅब ठेवला तर त्यात फुगा आणि घसरगुंडी दिसते. हे असं का झालं ते कळायला अ‍ॅप आणि कायदा दोघांचा प्रवास बघावा लागतो, कारण हे दोघं एकमेकांना न विचारता चालत आलेत.

जुना भाग पटकन उरकतो. १९४९ मध्ये एका माणसाने जगातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी चिन्हांची लिपी काढली, हेतू जागतिक शांततेचा होता, शांतता राहिली बाजूला आणि १९७१ मध्ये टोरांटोत ती लिपी सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर ताबा न राहणं) न बोलणाऱ्या मुलांसाठी वापरायला घेतली. इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास फुंकर मारून चालवायचा टाईपरायटर झाला. १९८५ ला अमेरिकेत डेलावेअरमध्ये चित्राचं कार्ड हातात देऊन वस्तू मागायची पद्धत आली आणि आपल्याकडे खऱ्या अर्थाने पोचली ती हीच, कारण तिला वीज लागत नाही.

नाशिकच्या जुन्या पालकांना ती कार्डं पाठ आहेत. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई, बांद्र्याला किंवा दादरला थेरपी, संध्याकाळी त्याच गाडीने परत, आणि येताना झेरॉक्स केलेल्या चित्रांचा गठ्ठा. मग इथे शालिमारला लॅमिनेशन करून घ्यायचं, मागे वेल्क्रो चिकटवायचा, रेक्झिनच्या फाईलमध्ये लावायचं. पोरं कोपरे चावायची, लॅमिनेशन सुटून आत लाळ जायची आणि ‘पाणी’चं कार्ड सगळ्यात आधी फाटायचं कारण तेच सगळ्यात जास्त वापरात. चित्रं परदेशी, दुधाचा पुठ्ठ्याचा डबा आणि ब्रेडचा टोस्ट, त्यावर आई मार्करने ‘पोळी’ लिहायची.

बोलणारी मशीन्स तेव्हाही होती, पण परदेशात आणि हजारो डॉलरला. फरक पडला तो २००९-१० मध्ये. २००९ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका छोट्या कंपनीने आयफोनवर प्रोलोक्वोटूगो हे चित्रं दाबून बोलणारं अ‍ॅप आणलं, साधारण १९० डॉलर, आणि २०१० ला आयपॅड आला तेव्हा मोठी बटणं आयती मिळाली. त्याच सुमाराला चेन्नईत ‘आवाझ’ नावाचं हातात धरायचं देशी मशीन तयार झालं, २०१२ ला त्याचंही टॅबवरचं अ‍ॅप झालं. पुढे पवईच्या आयआयटीत डिझाईन शिकवणाऱ्या लोकांनी जेलो नावाचं तसंच अ‍ॅप काढलं, ते फुकट, अँड्रॉइडवर, आणि त्यात मराठी. माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण आयपॅड किती घरांत असतो हो, साधा अँड्रॉइड फोन सगळ्यांकडे.

मराठीचं प्रकरण मात्र सहज सुटलं नाही. सुरुवातीला कंपन्यांच्या टॅबमध्ये हिंदी आवाज होता, मराठी नव्हता, मग लोकांनी देवनागरीत मराठी टाईप करून हिंदी आवाजाकडून वाचून घेतलं. ‘केळं’ला ‘केलं’ व्हायचं, ‘चमचा’ पार हिंदी व्हायचा. शिवाय इंग्रजीसाठी बांधलेल्या अ‍ॅपमध्ये शब्दाला एक बटण असतं, आपल्याकडे मुलगा ‘जातो’ म्हणतो, मुलगी ‘जाते’, आणि शाळेचं ‘शाळेत’, ‘शाळेतून’, ‘शाळेला’ काय काय होतं. एवढी बटणं कुठे बसवणार? त्यामुळे बरीच पोरं ‘मी शाळा जाणे’ टाईपचं बोलायला लागली आणि आज्या वैतागल्या. पूर्ण वाक्याची तयार बटणं ठेवली की ऐकायला छान वाटतं, पण मग मूल तेवढंच बोलतं जेवढं आपण भरून ठेवलंय. हा वाद थेरपिस्ट लोकांत अजून आहे.

दुसरी शंका घरातूनच येते, टॅब दिला की पोरगं तोंडाने बोलायचा कंटाळा करेल. यावर २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एक आढावा छापून आलाय. त्यात नीट मोजमाप केलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलंच. तरी ‘अजून सहा महिने थांबू, बोलेल’ हे वाक्य नाशकात आजही ऐकू येतं आणि त्या सहा महिन्यांची तीन वर्षं होतात.

२०१२ ची एक गोष्ट इथे फार कुणाला माहीत नाही. अमेरिकेत एका जुन्या मशीनवाल्या कंपनीने एका नव्या अ‍ॅपवर पेटंटची केस टाकली आणि निकाल लागायच्या आत, जूनमध्ये, ते अ‍ॅप स्टोअरवरून काढलं गेलं. ज्यांच्या टॅबमध्ये होतं त्यांचं चालू राहिलं, पण अपडेट बंद, टॅब बदलला तर काय याची खात्री नाही. नंतर तडजोड होऊन अ‍ॅप परत आलं. आता तर बरीच अ‍ॅप्स वर्षाच्या भाड्यावर आहेत, तेव्हा तिथल्या पालकांनी जो प्रश्न विचारला होता की मुलाची भाषा नेमकी कुणाच्या मालकीची, तो आपल्याही दारात आलाच आहे.

आता कायदा, आणि खरा गुंता इथे आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, कर्णदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व, मानसिक आजार. वाचेचं नावच नाही. गंमत म्हणजे जनगणना मात्र ही माणसं मोजत होती, २००१ ला बोलण्याचं अपंगत्व असलेले १६.४ लाख, २०११ ला जवळपास २० लाख. म्हणजे सरकारच्या एका हाताने मोजलेली माणसं दुसऱ्या हाताच्या यादीत नव्हती. मग सर्टिफिकेट दुसऱ्या कशाच्या तरी नावाने काढायचं, हात-पाय किंवा बुद्धी. शाळांचंही तेच, एक मूकबधिर विद्यालय आणि एक मतिमंद विद्यालय, आणि ज्या पोराला ऐकू चांगलं येतं, समजतं सगळं, फक्त तोंडातून शब्द निघत नाही ते पहिल्या शाळेत बसत नाही म्हणून दुसऱ्या शाळेत जायचं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी आले, पण तिथेही आजाराच्या नावाने, वाचेच्या नाही.

२०१६ ला नवा कायदा झाला, एप्रिल २०१७ पासून लागू, सातचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात वाचा व भाषा दोष स्वतंत्र आला. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण व्याख्या वाचली की लक्षात येतं. तिथे म्हटलंय की हे कायमस्वरूपी अपंगत्व, आणि उदाहरणं दिलीत दोन, स्वरयंत्र काढून टाकणं आणि अफेजिया. म्हणजे तंबाखूने घशाचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेला माणूस आणि स्ट्रोकनंतर भाषा गेलेला माणूस. दोन्ही मोठी माणसं. व्याख्येत ‘यांसारख्या’ असा शब्द आहे, त्यामुळे मुलांना बंदी नाही, पण खिडकीवरचा माणूस उदाहरण बघतो. आणि चार वर्षांच्या मुलाला कुठला डॉक्टर ‘कायमस्वरूपी’ लिहून देईल? नसेल देत तर त्याचंही चूक नाही, उद्या बोललं तर? मग पुन्हा ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीच्या नावानेच कार्ड निघतं आणि वाचेचा रकाना कोरा राहतो.

उलट बाजूने बघा, ज्यांच्यासाठी व्याख्या चपखल बसते त्यांना डोळ्यापुढे ठेवून बांधलेलं सहसा अ‍ॅप नाही. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची भाषा शाबूत असते, तो लिहू शकतो, त्याला टाईप केलेलं मोठ्याने वाचणारा साधा आवाज पुरतो. अफेजियावाल्याचं तसं नाही, शब्दच सापडत नाहीत, टाईप काय करणार, त्याला चित्रं लागतात पण त्याच्या आयुष्यातली. दिंडोरीकडच्या एका बागायतदार काकांच्या टॅबवर आधी चॉकलेट, पाळणा, रंगपेटी असलं पान होतं, काकांनी टॅब सरळ उलटा करून ठेवला. सुनेने बसून फोनवर फोटो काढले, बाग, सोसायटी, औषधाची पट्टी, चष्मा, शेजारचे अण्णा, आणि एक बटण नुसतं ‘वैताग आलाय’. ते बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं. तर कायद्याच्या डोळ्यापुढे मोठी माणसं आणि अ‍ॅपवाल्यांच्या डोळ्यापुढे लहान मुलं, ही चुकामूक आहे आणि तिचं खापर एकट्या कुणावर फोडता येत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनने एक बरं केलं, पंचवटी बंद पडली आणि थेरपी व्हिडिओ कॉलवर आली, तेव्हापासून घरातला जुना टॅब यासाठी राखून ठेवायची सवय लागली. २०२३ ला आयफोनने माणसाचा स्वतःचा आवाज साठवायची सोय दिली, वाचा जाणार हे आधीच माहीत असलेल्या मोटर न्यूरॉनच्या (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) पेशंटसाठी ती मोठीच गोष्ट, पण सुरुवात इंग्रजीपासून. राज्याचं आरोग्य विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, स्पीच थेरपीच्या डिग्र्या तिथून निघतात, पण शिकून बाहेर पडलेल्यांचा ओढा मुंबई-पुण्याकडे आणि परदेशात.

शाळेचा प्रश्न त्यातल्या त्यात सुटण्यासारखा आहे. २०१६ च्याच कायद्यात कलम २ (च) कडे, इंग्रजी प्रतीत एफ, फार कुणी बघत नाही. संवाद म्हणजे काय हे तिथे सांगितलंय आणि त्यात ब्रेल, खाणाखुणांची भाषा यांच्याबरोबर बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं स्पष्ट लिहिलीत. म्हणजे सर्टिफिकेटवर कुठलाही प्रकार असो, टॅबवरून दिलेलं तोंडी परीक्षेचं उत्तर हे उत्तरच आहे. काही पालक त्या पानाची प्रिंट मुख्याध्यापकांच्या अर्जाला जोडतात, आणि जिथे जोडली तिथे निदान टॅब बॅगेतून बाकावर तरी आलाय.