चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या? डिस्क परत आणण्यापूर्वी हे वाचा

'नोटोरियस' या जुन्या हॉलिवूड चित्रपटाची डिस्क आमच्या दुकानातून सर्वांत जास्त बाहेर जाते आणि तक्रारीसह सर्वांत जास्त परतही येते. परत आणताना कारण बहुतेकदा एकच सांगितलं जातं: "चित्र पूर्ण येत नाही. डावीउजवीकडे काळं दिसतं." आम्ही ती डिस्क दुकानात पुन्हा लावतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो आणि तीत काहीच दोष सापडत नाही. त्यात तुमची संध्याकाळ जाते, आमचा दिवस जातो आणि पुढच्या ग्राहकाला थांबावं लागतं. म्हणून हे पत्रक.

काळ्या पट्ट्या दिसतात याचा अर्थ चित्र बरोबर लागलं आहे. हॉलिवूडने १९३२च्या सुमारास पडद्यासाठी एक आकार ठरवून घेतला: उंची १ असेल तर रुंदी १.३७, म्हणजे चौकोनाच्या बराच जवळचा. रुंद पडदा सर्रास आला तो १९५३नंतर. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा 'नोटोरियस' १९४६चा आणि 'कॅसाब्लांका' १९४२चा, म्हणजे दोन्ही जुन्या आकाराचे. आपल्या प्रभातच्या 'संत तुकाराम'चं (१९३६) चित्रही असंच चौकोनी वळणाचं आहे, तिथे कुणी तक्रार करत नाही. आजचा टीव्ही मात्र १६:९ असतो, म्हणजे उंची १ असेल तर रुंदी १.७८. चौकोनी चित्र आडव्या काचेवर पूर्ण दाखवायचं तर बाजूला जागा उरणारच. ५५ इंची टीव्हीवर ती दोन्हीकडे साधारण १४-१४ सेंटिमीटर भरते.

खरी चूक होते यानंतर. पट्ट्या खुपतात म्हणून रिमोटवरचं 'झूम' दाबलं जातं. काच भरते, पण चित्राची वरखालची मिळून जवळजवळ पाव उंची कापली जाते. 'वाइड' किंवा 'स्ट्रेच' केलं तर काही कापलं जात नाही, पण प्रत्येक चेहरा सुमारे ३० टक्के रुंद होतो. इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा असा ताणलेला पाहून "प्रिंट खराब आहे" असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रिंट उत्तम आहे, बटण चुकलं आहे.

या चित्रपटात पाव उंची गमावणं फार महाग पडतं. ही प्रेमकथा आहे, पण दोघांना जे बोलता येत नाही ते कॅमेरा वस्तूंमधून सांगतो: किल्ली, बाटली, कप. डेव्हलिन (कॅरी ग्रँट) अमेरिकी गुप्तहेर आहे. ॲलिशिया (बर्गमन) देशद्रोही ठरलेल्या बापाची मुलगी आहे. तिला तो रिओ द जानेरोला नेतो आणि तिथे दडून बसलेल्या जर्मनांच्या कंपूत शिरायला लावतो. तिथल्या सेबॅस्टियनचा (क्लॉड रेन्स) तिच्यावर आधीपासून जीव आहे. डेव्हलिनचाही जडला आहे, पण तो बोलत नाही. पुढचं पडद्यावर पाहा.

सेबॅस्टियनची आई पहिल्यांदा दिसते तो प्रसंग घ्या. ती दुरून सरळ कॅमेऱ्याच्या रोखाने चालत येते आणि तिच्या चेहऱ्याने चौकट भरते. झूम केलेल्या टीव्हीवर तिचं कपाळ आणि हनुवटी उडते, त्यासोबत तिची जरबही जाते. बाल्कनीतल्या चुंबनाचंही तेच. एक चुंबन तीन सेकंदांपेक्षा लांबू नये, असा त्या काळी हॉलिवूडमध्ये दंडक होता. हिचकॉकने ते तुकड्यातुकड्यांत, मध्ये रात्रीच्या जेवणाच्या गप्पा आणि एक फोन घालून, जवळजवळ अडीच मिनिटं चालवलं. कॅमेरा पूर्ण वेळ दोन चेहऱ्यांना चिकटून आहे. कापायला तिथे जागाच नाही.

मेजवानीच्या प्रसंगात कॅमेरा वरून, सगळा दिवाणखाना दाखवत, खाली ॲलिशियाच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत उतरतो. किल्ली मधोमध असल्याने झूममध्येही दिसते. पण आधीचा विस्तार आक्रसला की उतरण्याची मजा निम्मी होते. आणि उत्तरार्धात एक कॉफीचा कप चौकटीच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला, मोठा दिसतो आणि ॲलिशिया त्याच्या मागे. तो कप कापला गेला तर त्या प्रसंगात काय चाललं आहे हे कळायला उशीर होतो. "शेवट नीट कळला नाही" म्हणणाऱ्या ग्राहकांना आम्ही आता पहिला प्रश्न हाच विचारतो: टीव्ही झूमवर होता का?

सेटिंग असं करा. ब्लू-रे असेल तर काळ्या पट्ट्या चित्रासोबतच नोंदवलेल्या असतात, म्हणून टीव्ही १६:९वरच ठेवा. ४:३ (जुन्या टीव्हीचा चौकोनी आकार) केलात तर चित्र आणखी अरुंद होऊन माणसं बारीक दिसतील. 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. डीव्हीडीचं उलट आहे: तिच्यात चित्र ४:३च असतं. प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९ निवडा. तरीही चेहरे रुंद दिसले तर टीव्ही ४:३ करा. कंपनीनुसार मेनूतली नावं बदलतात, म्हणून प्रत्येक कव्हरात आम्ही एक छोटं कार्ड ठेवतो. ते काढून टाकू नका, पुढच्या माणसालाही लागतं.

मेनू उघडलाच आहे तर 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो' अशा नावाची सोय बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आहे. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो, तेव्हा कॅरी ग्रँट रोजच्या मालिकेतला वाटू लागतो. 'नॉइज रिडक्शन'ही बंद ठेवा. ज्याला ग्राहक "मुंग्या" म्हणतात तो फिल्मचा मूळ कण आहे. तो पुसला की त्वचा मेणासारखी दिसते.

आणखी काही नेहमीचे प्रश्न. सुरुवातीला ॲलिशिया अंथरुणात असताना डेव्हलिन तिरका, मग थेट उलटा दिसतो. तो डिस्कचा दोष नाही, रात्रीच्या दारूनंतर तिला तो तसा दिसतो आहे. रिओतल्या काही दृश्यांत मागचा देखावा वेगळा वाटतो, कारण नट हॉलिवूडच्या स्टुडिओत होते आणि रिओचं चित्रण दुसऱ्या तुकडीने करून आणलं होतं. रंगीत आवृत्ती आम्ही ठेवत नाही. 'कॅसाब्लांका'ला १९८८ साली अमेरिकेत टीव्हीसाठी रंग चढवले होते. ती मागणी अधूनमधून येते आणि आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. प्रकाश-सावलीचा तोल काळ्या-पांढऱ्यासाठीच बसवलेला आहे, त्यावर रंग बसत नाही.

आयात डिस्कबद्दल: ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिकेतली ब्लू-रे बहुधा 'ए' विभागाची असते आणि भारत 'सी' विभागात येतो. इथल्या साध्या प्लेअरवर ती डिस्क चालणारच नाही. कोणत्या प्लेअरवर चालेल हे आम्ही पावतीवर लिहून देतो. सर्व विभाग चालवणारा प्लेअर हवा असेल तर मागवून, जोडून आणि सेटिंग करून देतो. दुसरीकडून घेतलात तरी सेटिंगसाठी आमच्याकडे आणायला हरकत नाही.

डिस्क खरोखर अडकत असेल तर काही न विचारता बदलून देतो. पट्ट्यांची तक्रार असेल तर मात्र आधी आमच्या पडद्यावर पाच मिनिटं लावून दाखवू. हा हट्ट नाही: बदलून दिलेल्या डिस्कवरही त्याच पट्ट्या दिसणार आहेत. शहरातल्या सभासदांकडे आमचा माणूस घरी येऊन टीव्ही लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सोसायटीच्या गच्चीवर किंवा क्लबात दाखवायचं असेल तर आधी बोला. या डिस्क घरी पाहण्यापुरत्या असतात, सार्वजनिक खेळासाठी वेगळी परवानगी लागते.

'नोटोरियस' आवडला आणि बर्गमन-रेन्स जोडी पुन्हा पाहावीशी वाटली तर 'कॅसाब्लांका' घ्या. टीव्हीचं सेटिंग तेच राहू द्या. येताना टीव्हीचा मॉडेल नंबर मागच्या बाजूने टिपून आणलात तर तुमच्या मेनूतली नेमकी नावं लगेच लिहून देता येतील.